खडे जंगलाच्या नावाने

वडसा हे गाव दोन नावांनी नांदते. रेल्वेच्या पाटीवर ते वडसा असते, तालुक्याच्या कागदोपत्री देसाईगंज असते, आणि शहाणी माणसे एक नाव लिहून दुसरे कंसात टाकतात, म्हणजे दोन्ही घरचे पाहुणे खूश राहतात. रेल्वेच्या खिडकीवर 'देसाईगंज' म्हणाल तर समोरचा माणूस क्षणभर तुमच्या तोंडाकडे पाहील. सरकारी अर्जातल्या तालुक्यांच्या यादीत 'वडसा' शोधाल तर 'व' या अक्षरापाशी डोळे शिणवून बसाल. गावच्या पोस्टमनला मात्र याचे सोयरसुतक नाही. पाकिटावर कोणतेही नाव असो, घर एकच आहे हे त्याला ठाऊक असते. ही पोस्टमनची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे ती उपयोगी पडणार आहे.

गोंदियाहून बल्लारपूरकडे जाणारी गाडी सौंदड, अर्जुनी अशी थांबत थांबत वडशाला येते आणि वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरीकडे निघून जाते. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला, आणि या विस्तीर्ण वनजिल्ह्याचे रेल्वेचे दार म्हणजे हेच वडसा. येथून गडचिरोलीपर्यंत सुमारे बावन्न किलोमीटरचा नवा लोहमार्ग टाकण्याचे काम हाती घेतलेले आहे. पूर्वी नागपूरहून येणाऱ्याला अरुंद रुळांच्या गाडीतून नागभीडला उतरावे लागे आणि तेथे रुंद रुळांची गाडी पकडावी लागे. २०१९ साली ती अरुंद गाडी रुंदीकरणासाठी बंद झाली. जुनी माणसे अजून सांगतात, की वळकटी हरवायची ती नेहमी नागभीडलाच. धावत्या गाडीत सामान क्वचितच हरवते. ते हरवते गाडी बदलताना.

गाव तसे व्यापारी. चार जिल्ह्यांच्या शिवा येथून हाकेच्या अंतरावर आहेत: नदीपलीकडे चंद्रपूर, वरच्या अंगाला भंडारा, गोंदियाकडे जाणारी वाट आणि आपला गडचिरोली. भोवताली धानाची शेते, गावात धानाच्या गिरण्या आणि वाऱ्यावर तुसाचा वास. पण दिवाळी सरली की या बाजाराला दुसराच रंग चढतो. रस्त्याच्या दुतर्फा नाटकमंडळींची कार्यालये उघडतात. दारादारावर नटनटींच्या चेहऱ्यांचे भडक फलक लागतात. गावोगावची मंडळे बयाणा हातात घेऊन 'आमच्या गावचा प्रयोग' ठरवायला येतात. हीच झाडीपट्टीची रंगभूमी. दिवाळीपासून होळीच्या सुमारापर्यंत खेड्यांतून रात्र रात्र नाटके होतात. दिवसा शंकरपटात बैल धावतात आणि रात्री माणसे उघड्या मैदानात कांबळी पांघरून बसतात. या रंगभूमीचे एक ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्यामुंबईच्या पुष्कळ नाट्यरसिकांना हा मुलूख नकाशात शोधावा लागला होता.

मी मराठीचा प्राध्यापक. ही नाटके पाहायची आणि जुन्या संहितांविषयी चार माणसांशी बोलायचे, म्हणून गेल्या मार्गशीर्षात मी वडशाला आठवडाभर राहिलो. माझा एक जुना विद्यार्थी तेथे एका नाटकमंडळीच्या कार्यालयात हिशेब सांभाळतो. उतरलो त्याच्याच घरी. घरात त्याची आई आणि धाकटी बहीण. बहीण नुकतीच बी. एस्सी. झालेली, शांत, बोलण्यापेक्षा वहीत लिहिणारी. पुण्याच्या एका संस्थेत पुढच्या अभ्यासासाठी तिने अर्ज केला होता, लेखी परीक्षेत तिचा क्रमांक लागला होता, आणि आता मुलाखत उरली होती. ती व्हायची होती मंगळवारी सकाळी अकराला, घरबसल्या, लॅपटॉपवर. पत्रात एक वाक्य ठळक अक्षरांत छापले होते: संपर्क तुटल्यास फेरमुलाखत घेतली जाणार नाही.

आणि संपर्क तर दर दहा मिनिटांनी तुटत होता!

घरात तारेचे इंटरनेट होते, कोपऱ्यात राउटर लुकलुकत होता, महिन्याचे पैसे वेळेवर भरलेले होते. तरीही पडद्यावरचा चेहरा एकाएकी गोठायचा, आवाज पाण्याखालून आल्यासारखा यायचा, आणि मग नुसते गोल गोल चाक फिरत राहायचे. मी शुक्रवारी पोचलो तेव्हा घरात याच विषयावर परिषद भरली होती. शेजारच्या काकाजींचे मत, की सागवनाचे जंगल लहरी खाऊन टाकते. कोणी म्हणाले ढग आहेत, कोणी म्हणाले मनोरा दूर आहे. एका गृहस्थांनी तर चर्चाच मिटवली. "गडचिरोली जिल्हा हाये सर, इथं असंच रायते!" माझ्या विद्यार्थ्याने बहिणीला नागपूरला नेऊन एखाद्या लॉजवर मुलाखत द्यायला लावायचे जवळजवळ ठरवले होते. दोघांचे जाणेयेणे, दोन दिवसांचा मुक्काम, ऐन हंगामात कार्यालयाला सुट्टी! हा हिशेब त्याने माझ्यासमोर मांडला, आणि तो पाचआकडी नसला तरी त्या घराला जड होता.

'इथं असंच रायते' हे वाक्य मोठे सोयीचे असते. त्यात कोणाचा दोष निघत नाही, कोणाला उठावे लागत नाही, आणि जंगल काही उत्तर द्यायला येत नाही.

शनिवारी संध्याकाळी घरी एक गृहस्थ आले. नाटकमंडळीचा ध्वनी सांभाळणारे. सगळे त्यांना माइकवाले भाऊ म्हणतात. पन्नाशीचे, सडपातळ, खिशात टेस्टर. तीस वर्षे उघड्या मैदानात, दवात आणि धुळीत माइक चालू ठेवणारा हा माणूस. चहा घेता घेता त्यांनी जंगलाची थिअरी ऐकली आणि कप खाली ठेवला.

"सर, नाटकात माइक बोंबलला, का आमी जंगलाले शिव्या नाही देत," ते म्हणाले. "आधी माइक पायतो. मंग वायर. मंग मशीन. मंग भोंगा. जवरून दूर जायाचं. आन् एका वक्ती एकच गोठ बदलाची. दोन बदलल्या, का कोन्या गोठीनं सुदरलं हे देवालेई समजत नाही!"

मी पुष्कळ पद्धतिशास्त्रावरची व्याख्याने ऐकली आहेत. त्यांतली बरीचशी या चार वाक्यांत बसतात.

मुलीने लगेच वही काढली. तिने पहिली गोष्ट केली ती दुरुस्तीची नव्हेच, नोंदीची. कधी तुटले, किती वेळ, लॅपटॉप कोणत्या खोलीत, चार्जर लावलेला की काढलेला, त्याच वेळी फोनवर चालू होते की नव्हते. एका रात्रीत आणि एका सकाळीत सव्वीस नोंदी झाल्या. आणि नोंदी झाल्याबरोबर 'दर दहा मिनिटांनी' हे घरातले सर्वमान्य सत्य खोटे ठरले. तुटणे सारखे नव्हतेच. मागच्या खोलीत जास्त, पुढच्या खोलीत कमी, सूर्य मावळल्यावर एक लांब तुकडा, दुपारी दोनदा. म्हणजे रोग एक नव्हता, तीनचार रोग एकाच खाटेवर निजले होते.

आता वाटेची गोष्ट थोडी समजून घेऊ, कारण शहरातल्या घरांतही हीच वाट असते. लॅपटॉपपासून जगापर्यंत चार उंबरठे आहेत. पहिला लॅपटॉपचा स्वतःचा. दुसरा लॅपटॉप आणि राउटर यांच्यामधला, हवेतला. तिसरा राउटरपासून कंपनीपर्यंतचा आणि तिच्याही पुढचा, तारेचा. आणि चौथा नावांचा. वळकटी नागभीडला हरवते तसे निरोप उंबरठ्यांवर हरवतात. म्हणून कोणता उंबरठा, एवढेच आधी शोधायचे.

त्याचे साधन प्रत्येक संगणकात फुकट असते. त्याला पिंग म्हणतात. अमेरिकेतल्या माइक मूस या संगणकतज्ज्ञाने १९८३ च्या डिसेंबरात ते लिहिले आणि पाणबुड्या शोधण्याच्या ध्वनियंत्रातल्या टणत्कारावरून त्याला हे नाव दिले. आपण 'ओ' द्यायला सांगायचे आणि पलीकडून 'ओ' यायची वाट पाहायची. किती वेळाने आली, आली की नाही, एवढेच ते मोजते. काळ्या खिडकीत पिंग हा शब्द आणि पुढे राउटरचा आकडा लिहायचा. पुष्कळ घरांत तो १९२.१६८.१.१ असतो, नसला तर आयपीकॉन्फिग हा शब्द लिहिला की 'गेटवे' या ओळीपुढे दिसतो. तेथेच आपल्या लॅपटॉपचा आकडा १६९.२५४ ने सुरू झालेला दिसला, तर समजावे की राउटरने आपल्याला घरात घेतलेच नाही. लॅपटॉपने स्वतःच एक तात्पुरता पाट मांडला आहे.

राउटरची ओ चुकत असेल तर दोष घरातच आहे. कंपनीला फोन करू नये. राउटर ओ देतो, पण बाहेरचा एखादा सार्वजनिक आकडा, उदाहरणार्थ ८.८.८.८, देत नाही. तर दोष तारेकडे किंवा तिच्या पलीकडे. आणि बाहेरचा आकडा ओ देतो, पण संस्थेचे नाव लिहिले की 'सापडत नाही' येते; तर दोष नावांचा. येथे आपला पोस्टमन आठवावा. यंत्रे एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, माणसे नावांनी. मध्ये नावावरून आकडा सांगणारी एक नोंदवही लागते. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ सालीच तिची रचना मांडली. तिला डीएनएस म्हणतात. तो पोस्टमन रजेवर असेल तर रस्ता मोकळा असूनही पत्र पोचत नाही. अशा वेळी लॅपटॉपला दुसऱ्या पोस्टमनचा आकडा लिहून दिला, की काम भागते.

रविवारी सकाळी माइकवाले भाऊ आणि ती मुलगी कामाला लागले. मागच्या खोलीतून राउटरला पिंग लावले, तर शंभरातल्या तीसचाळीस ओ गायब! फोनवरही तीच रडकथा. म्हणजे लॅपटॉप निर्दोष, कंपनी निर्दोष. दोष हवेतल्या दहाबारा हातांत. मधल्या खोलीत पाहिले तर भिंतीला लागून छातीएवढी धानाच्या पोत्यांची रास, आणि तिच्या पलीकडे पोलादी कपाटामागे राउटर.

मावशी चुलीपाशी होत्या. त्या तेथूनच म्हणाल्या, "मी तं पयलेपासून सांगत होती. पोती आत आली त्या दिसापासून हे नेट रुसलं हाये. माह्यं कोन आयकते!"

सगळे हसले, पण वहीत पाहिले तर मावशींचे म्हणणे तारखेला धरून होते. यात जादू काही नाही. वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लहर पाण्याला शोषली जाते. स्वयंपाकघरातली मायक्रोवेव्ह भट्टीही साधारण त्याच लहरीने अन्नातले पाणी तापवते. नव्या धानात ओल असते. वीसबावीस पोत्यांची रास म्हणजे लहरीच्या वाटेत उभी केलेली पाण्याची भिंतच, आणि तिच्यामागे पोलादी कपाट म्हणजे लहर उलटवून लावणारा आरसा. सागवनाची पानेही लहरी शोषतात हे खरेच आहे, पण ते जंगल वाटेत असले तर! येथे वाटेत जंगल नव्हते. यंदाचे पीक होते.

पोती हलवणे शक्य नव्हते. राउटर हलवला. कपाटामागून काढून दारावरच्या फळीवर उंच ठेवला. मग एक मजेदार यादी समोर आली. लॅपटॉपला आसपासचे जे राउटर ऐकू येत होते त्यांत निम्म्या नाटकमंडळींची नावे! सगळ्या मंडळींचे प्रयोग जणू एकाच मैदानात, एकाच पट्टीत चालले होते. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणाऱ्या वाटा तीनच: १, ६ आणि ११. गर्दी सहावर होती; राउटर अकरावर नेला. पुन्हा पिंग. शंभरात दोन चुकल्या.

"आता हात नोको लावू," भाऊ म्हणाले. "लिव आधी."

दुपारी नवेच दिसले. फोन आता मागच्या खोलीतही धडधाकट, पण लॅपटॉप मधूनच गळायचा. वही सांगत होती, की गळतो तो चार्जर काढलेला असतानाच. हा पहिल्या उंबरठ्याचा दोष. बॅटरी वाचवण्यासाठी लॅपटॉप आपल्या वायफायच्या भागाला डुलकी घेऊ देतो, आणि काही यंत्रांत ती डुलकी मोडता मोडत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या भागाच्या नावाखाली पॉवर मॅनेजमेंटचे पान असते. 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्यावे' अशा अर्थाच्या ओळीपुढची खूण काढली, आणि संस्थळावरून त्या भागाचा नवा ड्रायव्हर घेतला. अर्थात दोन्ही एकदम नव्हे. खूण काढून तासभर पाहिले, गळती थांबली. ड्रायव्हर नंतर.

संध्याकाळ मात्र हट्टी निघाली. साडेसहाला राउटर शहाण्यासारखा ओ देत होता, बाहेरचा आकडा मुका, आणि तारेच्या डबीवर लाल दिवा. लाल दिवा म्हणजे तारेतून प्रकाश येत नाही. आता काकाजी पुन्हा पुढे सरसावले. जंगलाची बाजू बळकट होऊ लागली. भाऊंनी मात्र तार हाताने चाचपत चाचपत भिंतीच्या कडेने चालायला सुरुवात केली. तार खिडकीतून आत आली होती. आणि खिडकी, सूर्य मावळला की डासांसाठी लावून घेतात! फळीत तार दाताखाली सापडल्यासारखी चेपली होती. खिडकी उघडताच लाल दिवा गेला आणि हिरवा आला.

ही तार तांब्याची नव्हे, काचेची असते. केसाएवढ्या काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. वडशाहून मुंबईपर्यंत हजार किलोमीटरची तार धरली, तरी निरोप जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. पण एवढा वेगवान प्रवासी एका तीक्ष्ण वळणावर बाहेर सांडतो. तार वाकवावी ती सैल, वाटीएवढ्या गोलाईने. दुमडू नये, खिळ्याला गुंडाळू नये, फळीत चेपू नये. भाऊंनी चौकटीला भोक पाडून तिला स्वतंत्र वाट करून दिली. हजार किलोमीटर सुखरूप आलेला प्रकाश शेवटच्या चार बोटांत, मच्छरांच्या वेळेला, अडत होता!

उरल्या दुपारच्या दोन खंडांच्या नोंदी. सोमवारी त्यांतला एक पुन्हा आला. राउटर ओ देतो, दिवा हिरवा, बाहेरचा आकडा मुका. आता घरात शोधण्यासारखे काही उरले नव्हते. मुलीने आणखी एक चाचणी केली: मागच्या गल्लीतल्या दोन नाटक-कार्यालयांत त्याच कंपनीची तार होती; तेथे विचारले. तेथेही त्याच मिनिटाला बंद. मग तिने कंपनीच्या माणसाला फोन लावला. पलीकडून अपेक्षित उत्तर आले, की जंगलाचा भाग आहे, थोडे चालायचेच. मुलगी शांतपणे वहीतून वाचू लागली: अमुक तारीख, दोन वाजून दहा ते दोन वाजून बत्तीस; अमुक तारीख, दोन बारा ते दोन एकतीस; घरातला राउटर चालू, डबीवर हिरवा दिवा, तीन ठिकाणी एकच वेळ. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग आवाज बदलला. संध्याकाळी एक तंत्रज्ञ येऊन सांगून गेला, की वीज गेली की त्यांच्या पुढच्या टप्प्यावरचे यंत्र बंद पडत होते. तेथली बॅटरी मेलेली होती, ती बदलली.

मला या सगळ्यात हा फोन सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जंगलाची सबब दोन्हीकडून वापरली जाते. आपण ती वापरतो तेव्हा आपल्या खिडकीतली तार तशीच चेपलेली राहते. कंपनी वापरते तेव्हा तिची मेलेली बॅटरी तशीच राहते. घरचे दोष काढून टाकल्याशिवाय त्या मुलीला इतक्या ठामपणे बोलता आले नसते, आणि नोंदी नसत्या तर तिचे बोलणे कोणी ऐकले नसते.

याचा अर्थ गडचिरोलीत जंगल कोणाला नडतच नाही असे नव्हे. भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावरून पाणी जाते आणि गाव जगापासून तुटते. तेथल्या माणसाला पिंग शिकवून काय होणार? नक्षलग्रस्त भागांतल्या २,३४३ मनोऱ्यांवर २जी ऐवजी ४जी बसवण्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२२ च्या एप्रिलात मंजुरी दिली. म्हणजे तोवर देशातल्या अशा कितीतरी गावांत बोलण्यापुरताच संपर्क होता; तेथे पोराच्या हाती फोन असूनही वर्ग त्याच्या हाती नव्हता. तो दोष घरातल्या कोणाचा नाही आणि खिडकी उघडून तो जात नाही. तेथे मनोरा लागतो, वीज लागते, तार लागते, आणि सरकारचा पाठपुरावा करणारी माणसे लागतात. पण म्हणूनच वडशासारख्या, तार दारापर्यंत आलेल्या गावाने भामरागडचे दुःख आपल्या सबबीसाठी उसने घेऊ नये. तसे केले की खऱ्या जंगलातल्या माणसाची तक्रारही सबबच वाटू लागते.

मुलाखतीसाठी भाऊंनी शेवटचा सल्ला दिला. "नाटकात खराखुरा परवेश असला, का आमी बिनवायरचा माइक नाही देत. वायरचाच देतो." बाजारातून वीस हात जाळ्याची केबल आणली. लॅपटॉप जुना, म्हणून तिचे भोक त्याला होते. नव्या सडपातळ यंत्रांना त्यासाठी वेगळा तुकडा घ्यावा लागतो. केबल लावली की हवेचा उंबरठाच नाहीसा होतो. मग पोती असोत की कपाट असो. घड्याळ बरोबर आहे ना पाहिले, कारण संगणकाची तारीख चुकली तर सुरक्षित संस्थळे दार उघडत नाहीत. आपोआप उतरणारे अद्ययावतीकरण थांबवले. भावाच्या फोनचे हॉटस्पॉट आदल्या रात्री लावून, चालवून पाहून, चार्ज करून उशाशी ठेवले. न तपासलेली पर्यायी व्यवस्था ही व्यवस्थाच नव्हे. दिव्याच्या पेटीला छोटी बॅटरी जोडली, म्हणजे वीज झपकन गेली तरी राउटर नव्याने उठायला तीन मिनिटे घेणार नाही.

मंगळवारी अकराला घरात चिडीचूप. मी आणि मावशी मधल्या खोलीत पोत्यांना टेकून बसलो होतो. आतून प्रश्न ऐकू येत नव्हते, उत्तरे ऐकू येत होती. तांदळाच्या कोंड्याविषयी काही, आम्ल, तेल, प्रयोगशाळा. वीसएक मिनिटे झाली आणि आतला आवाज थांबला. मावशींनी माझ्याकडे पाहिले. त्यांचे ओठ हलले. 'जंगल' हाच शब्द असावा.

मी दारातून डोकावलो. पडद्यावर तीन परीक्षक तीन पुतळ्यांसारखे गोठले होते. मुलगी हलली नाही. कोपऱ्यात तिने दोन काळ्या खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या. एकीत राउटरची ओ, दुसरीत बाहेरच्या आकड्याची. दोन्हीकडे ओळीमागून ओळ नियमित येत होती. तिने डबीवरचा हिरवा दिवा पाहिला, हात मांडीवर ठेवले, आणि वाट पाहिली. भाऊ हॉटस्पॉट घेऊन धावला, तर तिने नुसती मान हलवली: आपले नाही, तिकडचे आहे.

दीड मिनिटाने पुतळे हलले. "माफ करा," पुण्याचा आवाज आला, "आमच्याच बाजूचे गेले होते. तुम्ही ऐकताय ना? तुमचा आवाज तर फार स्वच्छ येतोय!"

"हो सर, मी इथेच आहे," ती म्हणाली, आणि कोंड्याचे उरलेले उत्तर तिने जेथे तुटले होते तेथून पुढे सांगितले.

तिची निवड झाल्याचे पत्र तीन आठवड्यांनी आले. ती निवड तिच्या अभ्यासाची. तारेचे काम फक्त तो अभ्यास पुण्यापर्यंत पोचवण्याचे होते. आता ती पुण्यात वसतिगृहात राहते. तेथेही नेट तुटते आणि तेथे जंगल नसल्यामुळे मुली कंत्राटदाराच्या नावाने खडे फोडतात, असे तिने भावाला कळवले आहे. वहीची एक नक्कल तिने वडशात ठेवली आहे. मागच्या गल्लीतल्या कार्यालयांत ती हातोहात फिरते, आणि माझ्या विद्यार्थ्याने पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: 'जवरून दूर जायाचं.'

त्या मंगळवारीच रात्री मी माइकवाल्या भाऊंबरोबर कुरखेड्याच्या वाटेवरच्या एका खेड्यात नाटकाला गेलो. दोन्ही बाजूंना खरे जंगल होते, आणि गाडीतल्या सगळ्यांचे फोन एकेक करून मुके झाले. मैदानात शेकोट्या पेटल्या होत्या, पोरे पडद्याखालून डोकावत होती, वादक पेटीचा सूर लावत होते. दहा वाजून गेले. भाऊ रंगमंचावर चढले, पहिल्या माइकपाशी गेले आणि बोटाने त्यावर टकटक केली. "हॅलो, हॅलो." मैदानाच्या टोकाला भोंग्याखाली उभ्या असलेल्या पोराने हात वर केला. भाऊ दुसऱ्या माइककडे वळले.